बर्फावरचा पंचनामा

बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीशीं आमचा कांहीं संबंध येईल, असें आमची पत्रिका पाहणाऱ्या एकाही ज्योतिष्यानें सांगितलें नव्हतें. हॉकी म्हणजे ध्यानचंदांची, मैदानावरची, एवढेंच आम्हांस ठाऊक. आणि बर्फ म्हणजे रसाच्या दुकानांत लाकडाच्या भुशांत पुरून ठेवलेली लादी. आमचीं चौतीस वर्षें एका जिल्हा न्यायालयाच्या कचेरींत गेलीं. कारकुनापासून सुरुवात करून शेवटीं अधीक्षकाच्या खुर्चीपर्यंत आम्ही पोंचलों, आणि त्या सबंध काळांत खेळापेक्षां खेळाच्या मैदानावर झालेल्या मारामाऱ्यांचे कागदच आमच्या हातांखालून अधिक गेले. परंतु आमची कन्या लग्नानंतर कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत जाऊन राहिली. तिच्या मुलाच्या पायांत दुधाचे दांत पडण्याच्या आधींच स्केट चढले. पुढें चौदाव्या वर्षीं, खेळाडू म्हणून आपणांस फारसें भवितव्य नाहीं हें त्याचें त्यालाच उमजलें, तेव्हां रुसून खेळ सोडण्याऐवजीं त्यानें काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा सदरा चढविला आणि तो पंच झाला. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील हा पहिला समंजस निर्णय.

निवृत्तीनंतरचा एक हिवाळा आम्हीं उभयतांनीं त्यांच्याकडे काढला. तेव्हां नातू सतरा वर्षांचा होता. जी हकीकत सांगावयाची आहे ती त्या हिवाळ्यांतली. तिला आतां कांहीं वर्षें लोटलीं आहेत. तरी गांव, संघ आणि खेळाडूंचे क्रमांक आम्हीं गाळले आहेत, कारण त्या प्रकरणांतील दोघेही मुलगे त्या वेळीं पंधरा वर्षांचे होते.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. उत्तर अमेरिकेंतील रिंगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें. सभोंवार फळ्यांचें कुंपण आणि त्यावर जाड कांच. चेंडूच्या जागीं ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची कठीण रबराची चकती. तिला पक म्हणतात. किरकोळ आगळिकीबद्दल २ मिनिटें, मोठीबद्दल ५ मिनिटें खेळाडूनें शिक्षेच्या बांकावर जाऊन बसावयाचें आणि तेवढा वेळ त्याच्या संघानें एक गडी कमी घेऊन खेळावयाचें. सर्वांत जड शिक्षा 'मॅच पेनल्टी'. ती झाली कीं मुलगा त्या सामन्यांतून तर जातोच, पण शिस्तसमितीनें प्रकरणाचा निकाल लावीपर्यंत पुढचे सामनेही त्याला बंद होतात. त्या समितींतील कोणीही सहसा सामना पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढें येतो तो पंचाचा लेखी अहवाल. व्यावसायिक सामन्यांना दहा बाजूंनीं कॅमेरे लागलेले असतात. शाळकरी मुलांच्या सामन्याला असलाच तर एखाद्या पालकाचा मोबाईल असतो, आणि तो नेमका आपल्याच मुलावर रोखलेला असतो.

रविवारीं रात्रीं साडेनवाच्या सुमारास नातू घरीं आला. स्केटची पिशवी त्यानें दारांत टाकली, पानावर वाढलेलें तसेंच ठेवून तो संगणक उघडून बसला, आणि बराच वेळ खटखट आवाज आला नाहीं. आम्हीं जवळ जाऊन विचारलें, तर म्हणाला, "आजोबा, रिपोर्ट लिहायचाय. मॅच पेनल्टी झाली. उद्यां संध्याकाळच्या आंत पाठवायचा." हा शब्द कानीं पडतांच चौतीस वर्षांची संवय जागी झाली. आम्हीं खुर्ची ओढून घेतली आणि जें लिहिलें असेल तें वाचून दाखव म्हटलें.

त्यानें इंग्रजींत लिहिलेल्याचा मतलब असा होता: 'तिसऱ्या भागांत अमुक क्रमांकाच्या खेळाडूनें अत्यंत निर्दयपणें व हेतुपुरस्सर प्रतिपक्षाच्या खेळाडूवर पाठीमागून हल्ला करून स्टिकनें त्याच्या मानेवर प्रहार केला व त्याचा खांदा मोडला. हा खेळाडू सामन्याच्या आरंभापासूनच डोकें फिरल्यासारखा खेळत होता. तत्पूर्वीं दोघांत शाब्दिक चकमक झाली होती. अशा खेळाडूस या मोसमांत पुन्हां खेळूं देऊं नये असें माझें मत आहे.'

आम्हांस हंसूं आवरेना. आमच्या न्यायालयांत येणाऱ्या फिर्यादींची भाषा ज्यानें ऐकली आहे त्याला हा अहवाल मराठींत पाठ म्हणतां येईल. 'आरोपींनीं संगनमतानें येऊन अश्लील शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनीं मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली.' सातारा असो, सोलापूर असो, भांडण बांधावरून असो कीं नळावरून असो, वाक्य हेंच. लाथ किती जणांनीं मारली, बुक्की कोठें बसली, धमकी कोणत्या शब्दांत दिली, यांचा पत्ता नाहीं. ठाण्यांतला हवालदार हें वाक्य डोळे मिटून लिहितो, फिर्यादी त्याखालीं अंगठा उठवितो, आणि सहा वर्षांनीं उलटतपासणींत वकील त्या वाक्याची एकेक पाकळी तोडून जमिनीवर टाकतो. नातवाला मराठी फिर्याद कशी असते हें ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरीही तो आपण होऊन तिथेंच येऊन पोंचला होता. रागावलेला माणूस कोणत्याही भाषेंत एकच वाक्य लिहितो, असें दिसतें.

आम्हीं त्याला विचारलें, "तूं कोठें उभा होतास?"

तो म्हणाला, "निळ्या रेषेपाशीं."

"आणि फटका कोठें बसला?"

"कोपऱ्यांत. फळ्यांजवळ."

"मध्यें अंतर किती?"

त्यानें डोळे मिटून हिशेब केला. पन्नास फूट, कदाचित् साठ. त्या सामन्याला दोघेच पंच होते; दुसरे एक वयस्क गृहस्थ, पंधरावीस वर्षें हें काम करणारे. पक कोपऱ्यांतून निसटून रिंगणाच्या मध्याकडे गेला, आणि पकाच्या मागें जाणें हें त्या क्षणीं नातवाचें काम होतें. मागें राहिलेल्या खेळाडूंवर नजर ठेवणें हें दुसऱ्या पंचांचें. म्हणजे फटका बसला तेव्हां आमच्या नातवाची पाठ तिकडे होती. त्यानें ऐकला तो कांचेवर आदळल्याचा आवाज. वळून पाहिलें तेव्हां एक मुलगा बर्फावर पडलेला, दुसरा त्याच्या मागें दोन्ही हातांत आडवी स्टिक धरून उभा, स्टिक छातीच्या उंचीला.

"मग मानेवर प्रहार केला हें तुला कोणी सांगितलें?"

कांहीं वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पार्टनरनें. शिटी त्यांनींच वाजवली. पेनल्टीही त्यांनींच दिली."

आपल्या भाषेंत खेळाचा निवाडा देणारा तोही पंच, आणि पंचनाम्यावर सही करणारा तोही पंच. इंग्रजींत या दोघांना दोन वेगळाले शब्द आहेत, आणि म्हणूनच कीं काय, आपण साक्षीदारही आहों हें तिकडचा पोरगेला पंच विसरतो. शिटी वाजविली तेव्हां तो निर्णय देणारा होता. अहवाल लिहावयास बसला कीं तो केवळ पाहणारा झाला. शिक्षा झाली, आकडे गुणपत्रकावर चढले; आतां त्याच्या मताला कोणी विचारीत नाहीं. खेळाडूला किती सामने बाहेर ठेवावें हें ठरविणारे दुसरे आहेत, आणि पंचानें अहवालांत तशी शिफारस केली कीं ते पहिली शंका खेळाडूची न घेतां पंचाची घेतात. नातवानें दुसऱ्या पंचांना फोन करून 'तुम्हीं काय लिहिलें' हें विचारून घ्यावें असें मनांत आणलें होतें. आम्हीं फोन बाजूला ठेवावयास लावला. दोन पंचांचे जबाब शब्दाशब्दानें सारखे निघाले म्हणजे आमच्याकडचे वकील किती खुलत, तें आम्हीं पाहिलें आहे.

या खेळाचा आणि वाईट अहवालांचा संबंध त्याच्या जन्मापासूनचा आहे. छपराखालीं खेळला गेलेला पहिला संघटित सामना ३ मार्च १८७५ रोजीं माँट्रिऑल शहरीं व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्यें झाला असें मानतात. त्याच दिवशीं तेथें मारामारीही झाली. माँट्रिऑलच्याच 'विटनेस' पत्रानें लिहिलें तें थोडक्यांत असें: खेळ चालू असतां कांहीं पोरें बर्फावर स्केटिंग करीत होतीं, त्यावरून कुरबुर झाली, एका लहान मुलाच्या डोक्याला फटका बसला, मारणाऱ्याला नंतर जाब विचारण्यांत आला, त्यांतून झोंबाझोंबी होऊन एक बांक मोडला व थोडी नासधूस झाली. तेथून सुमारें तीनशें किलोमीटरांवरील किंग्स्टन गांवच्या 'ब्रिटिश व्हिग' पत्रांत हीच गोष्ट पोंचली तेव्हां अनेकांच्या नडग्या आणि डोकीं फुटलीं होतीं, बांक एकाचे अनेक झाले होते आणि प्रेक्षक स्त्रिया भयभीत होऊन पळत सुटल्या होत्या. पहिला मजकूर वाचून समितीला निदान चार प्रश्न विचारतां येतील: मुलगा कोणता, मारणारा कोण, कशानें मारलें, बांक कोणीं मोडला. दुसरा वाचून फक्त 'अरेरे' म्हणतां येतें. गंमत ही कीं आजचे लोक या खेळाचा इतिहास सांगतांना दुसराच मजकूर मोठ्या हौसेनें सांगतात.

गमतीची बाजू येथें संपते. १९०७ च्या मार्चमध्यें ओंटारिओंतल्याच कॉर्नवॉल गांवीं एका सामन्यांत ओवेन मॅकोर्ट नांवाच्या तरुण खेळाडूच्या डोक्यावर स्टिकचा फटका बसला आणि दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. ऑटावाच्या संघांतील चार्ल्स मॅसन याच्यावर आधीं खुनाचा, मग सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यांत आला. खटल्यांत साक्षी अशा आल्या कीं मॅसनचा फटका बसण्याच्या आधीं त्याच गर्दींत मॅकोर्टला दुसऱ्याही एका खेळाडूची स्टिक लागली होती. मृत्यु नेमका कोणत्या फटक्यानें आला हें ठरेना, आणि मॅसन सुटला. तो सुटला हें न्यायाचें झालें कीं अन्यायाचें, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं, आणि कोणालाच येणार नाहीं. शेंकडों माणसें पाहत असतां, कोणाचा फटका आधीं व कोणाचा मागून, तो डोक्याच्या कोणत्या भागीं बसला, एवढें कोणापाशींही पक्कें उरलें नव्हतें.

तेव्हां आम्हीं नातवाचा मसुदा एकेक शब्द हातांत घेऊन तपासला. 'निर्दयपणें' गेलें. 'हेतुपुरस्सर' गेलें, हेतु कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. पण जोर किती होता हें तर सांगितलेंच पाहिजे, असें तो म्हणाला, आणि त्याचें म्हणणें रास्त होतें. ज्यानें फटका पाहिला त्यानें 'फार जोरानें' असें न लिहितां, मारणारा किती पावलें स्केट करीत आला, पडणाऱ्याची पाठ त्याच्याकडे होती कीं तोंड, पाठीवरचा क्रमांक त्याला दिसत होता कीं नाहीं, स्टिक एका हातांत होती कीं दोन, आणि शरीर फळ्यांपासून किती दूर होतें, हें लिहावें. जोर वाचणाऱ्याला आपोआप कळतो. पाठीमागून ढकलणें वेगळें आणि स्टिक आडवी धरून लोटणें वेगळें. दोहोंची कलमें निराळीं, शिक्षा निराळ्या, आणि पंचानें जें कलम लावलें त्याचीं लक्षणें त्याच्या वर्णनांत दिसलीं नाहींत तर सगळी शिक्षाच लटकी पडते. 'खांदा मोडला' हेंही आम्हीं काढावयास लावलें. तो मोडला होता खरा. पण तें रुग्णालयांत जाऊन आलेल्या पालकानें दुसऱ्या पंचांना कळविलें आणि त्यांनीं नातवाला. नातवानें पाहिलें तें एवढेंच कीं मुलगा डावा खांदा धरून होता, दोघांच्या आधारानें बर्फाबाहेर गेला, आणि सामना संपेपर्यंत परत आला नाहीं. 'आरंभापासून डोकें फिरल्यासारखा' या शब्दांना आधार काय म्हणून विचारलें, तर त्या मुलाला त्या सामन्यांत त्यापूर्वीं एकही शिक्षा झालेली नव्हती.

वेळेचीही एक गोम आहे. या खेळाचें घड्याळ बहुधा उलटें चालतें. वीस मिनिटांपासून शून्याकडे. कोठें गेलेला वेळ लिहितात, कोठें उरलेला. नुसतें ६.४० लिहिलें तर एकाच्या मतें भाग नुकता रंगात आलेला असतो, दुसऱ्याच्या मतें तो संपत आलेला असतो. 'सहा मिनिटें चाळीस सेकंद उरलीं असतां' असें सरळ लिहावयास काय लागतें? परंतु न्यायालयांतही 'सायंकाळच्या सुमारास' या शब्दांवर कित्येक माणसें सुटलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

हें सारें सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, असें वाचक विचारतील, तर उत्तर असें कीं आमच्याच एका अपराधानें. नोकरींतलीं आमचीं पहिलीं पांच-सात वर्षें झालीं होतीं. आमच्या शाखेंत एक शिपाई होता. वयानें आमच्याहून मोठा. एके दिवशीं आम्हीं त्याला जुन्या दप्तराचे गठ्ठे वरच्या मजल्यावर न्यावयास सांगितले, त्याच वेळीं दुसऱ्या शाखेनेंही बोलाविलें, आणि आम्ही त्याच्यावर ओरडलों. त्यानें उत्तर दिलें. वरिष्ठांनीं लेखी अहवाल मागितला. आम्हीं लिहिलें, 'सदर इसमानें उद्धटपणें उत्तर दिलें व काम करण्यास नकार दिला.' त्याची एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. वास्तविक तो म्हणाला होता, "साहेब, मला दोनच हात आहेत." हे पांच शब्द आम्हीं अहवालांत घातले असते तर वाचणारा कदाचित् हंसला असता, निदान त्याला दोन गठ्ठे आणि दोन शाखा दिसल्या असत्या. आम्हीं ते जाणूनबुजून गाळले असें म्हणवत नाहीं. त्या घटकेला आम्हांस ते शब्द खरोखरच उद्धट वाटले होते. पुढें त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हां हा विषय काढण्याचें आम्हीं मनांत घोळविलें, आणि काढला नाहीं.

म्हणून नातवाच्या मसुद्यांतील 'शाब्दिक चकमक' या दोन शब्दांवर आमचें बोट येऊन थांबलें.

"ही चकमक तूं ऐकलीस?"

"हो."

"केव्हां?"

"फटक्याच्या आधीं. मिनिटभर आधीं. फेस-ऑफला." दोन्ही संघांचे दोन खेळाडू समोरासमोर वाकून उभे राहतात आणि पंच त्यांच्या मध्यें पक टाकतो, तो हा प्रकार. पंच त्या वेळीं दोघांपासून हातभर अंतरावर असतो. "कोणीं काय म्हटलें?"

तो उत्तर देईना. आम्हीं पुन्हां विचारलें, तेव्हां पडद्याकडे पाहत तो म्हणाला कीं जो नंतर पडला, तो बोलला. दुसरा कांहींच बोलला नाहीं. म्हणजे चकमक झालीच नव्हती. आणि काय बोलला तें मात्र तुमच्यासमोर सांगतां येणार नाहीं, आजोबा. आम्ही म्हटलें, आमच्यासमोर नको, कागदावर लिही. त्यानें लिहिलें. चार इंग्रजी शब्द होते. त्यांतला एक शब्द साधी शिवी. उरलेले ज्या मुलाला उद्देशून होते त्याच्या कातडीच्या रंगाविषयीं आणि त्याचे आईबाप ज्या देशांतून आले त्याविषयीं. तो देश आमचाच.

येथें ते शब्द आम्ही छापीत नाहीं. समितीच्या कागदावर अक्षरशः लिहावयास लावून मासिकांत गाळतां, ही कोणती नीति, असें कोणी म्हणेल. पण मासिक म्हणजे अहवाल नव्हे. वाचकांना कोणाला शिक्षा द्यावयाची नाहीं. समितीला द्यावयाची असते, आणि 'अपशब्द वापरला' या शब्दांवर ती देतां येत नाहीं. दंडसंहितेच्या २९४ व्या कलमाखालचे खटले आमच्या काळीं याच ठिकाणीं कोसळत: 'अश्लील शिवीगाळ' लिहिलेली असे, आणि शब्द कोणते हें विचारतांच सभ्य साक्षीदार मान खालीं घालीत. पहिलें अक्षर लिहून पुढें फुल्या मारणें हाही तसलाच लाजाळूपणा. शब्द होता तसा, ज्या भाषेंत होता त्या भाषेंत, अवतरणचिन्हांत. आणि तो कोणाकडे पाहून उच्चारला हेंही.

"मग तूं काय केलेंस?" हा प्रश्न आम्हीं विचारला तो संवयीनें, विचारल्यावर वाटलें, विचारावयास नको होता.

"मी पक टाकला," तो म्हणाला.

तेवढ्यांत आमची कन्या चहाचे पेले न्यावयास आली होती. तिनें शेवटचें ऐकलें. तिला सगळें समजावून सांगितलें तेव्हां ती आमच्यावरच उखडली. "बाबा, त्याला कशाला गुंतवतां? दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाहीं. पेनल्टी दुसऱ्या पंचांनीं दिलीय. यानें लिहिलं कीं यालाच विचारतील, खेळ कां थांबवला नाहींस म्हणून. पुढच्या वर्षीं सामने मिळणार नाहींत." तिचें म्हणणें खोटें नव्हतें. तसा शब्द कानीं पडतांच पंचानें खेळ थांबवून शिक्षा द्यावयाची असते. यानें दिली नव्हती. आईबापांच्या आरडाओरड्याला कंटाळून तिकडचे कितीतरी तरुण पंच एक-दोन वर्षांत काम सोडतात. ते टिकावे म्हणून अलीकडे कांहीं ठिकाणीं अल्पवयीन पंचांच्या बाहीवर हिरवी पट्टी बांधतात, कीं ओरडणाऱ्याला निदान कळावें समोर पोर आहे. अशा पोराला आपली चूक स्वतःच्या हातानें लिहून द्यावयास सांगणें हें आजोबाचें काम आहे कीं वैऱ्याचें, असा प्रश्न आमच्याही मनांत आला. शिवाय पडलेल्या मुलाचा खांदा मोडला होता. त्याच्या अंथरुणाशेजारीं बसून 'सुरुवात त्यानेंच केली' असें म्हणण्यासारखें तें दिसेल कीं काय, हाही विचार होताच.

आम्हीं त्याला माँट्रिऑलच्या मॉरिस रिशार याची गोष्ट सांगितली. म्हणजे सांगूं लागलों, तर ती त्यालाच आमच्याहून अधिक ठाऊक. १३ मार्च १९५५ रोजीं बोस्टन येथें प्रतिपक्षाच्या खेळाडूची स्टिक लागून रिशारचें डोकें फुटलें. मग तो त्या खेळाडूवर धांवून गेला, आणि आवरूं पाहणाऱ्या क्लिफ थॉम्प्सन या लाईन्समनला त्यानें दोन ठोसे लगावले. त्याचें म्हणणें असें कीं डोक्याला मार बसल्यानें भान नव्हतें, धरणारा पंच आहे हें कळलेंच नाहीं. १६ तारखेला लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कँपबेल यांच्यापुढें सुनावणी झाली. कँपबेल स्वतः कायदेपंडित, आणि १९३० च्या दशकांत याच लीगमध्यें रेफरी म्हणून काम केलेले. रिशार कितीदां सुटून गेला, कितीदां त्याला पुन्हां धरलें, स्टिक काढून घेतल्यावर दुसरी त्यानें कोठून उचलली, हा क्रम त्यांनीं आपल्या निर्णयांत एकामागून एक मांडला, आणि उरलेला मोसम व त्यानंतरचे निर्णायक सामने यांतून त्याला काढून टाकलें. दुसऱ्याच रात्रीं माँट्रिऑलच्या फोरममध्यें अश्रुधुराचा गोळा फुटला, सामना सोडून द्यावा लागला आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर दंगल उसळली. फ्रेंच लोकांची समजूत अशी होती कीं इंग्रज अध्यक्षानें फ्रेंच खेळाडूला चिरडलें, आणि त्यामागें त्यांचीं अनेक वर्षांचीं दुःखें होतीं. निकाल कडक होता कीं योग्य, यावर तिकडे अजून वाद चालतो. पण रिशारनें ठोसे कोणाला मारले आणि किती, यावर वाद चालत नाहीं.

नातू म्हणाला, "पण आजोबा, त्या रात्रीं स्टँडमधून रिशारला लोक काय म्हणत होते, तें कोणी लिहिलं होतं का?"

या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

कन्या पेले घेऊन आंत गेली, आणि मग नळाचा आवाज बंद करून परत आली. "दाखव काय शब्द होते," ती म्हणाली. त्यानें कागद दाखविला. तिनें वाचला, घडी केली, पुन्हां उलगडला. ती या देशांत वीस वर्षें राहिली आहे. ते शब्द तिनें प्रथमच वाचले असतील असें आम्हांस वाटलें नाहीं. "लिहायचंच असेल तर स्पेलिंग नीट बघून लिही," एवढें बोलून ती झोपावयास गेली.

साडेअकराला अहवाल पुरा झाला. एका पानाहूनही कमी. सामना, दिनांक, रिंगण, भाग, उरलेला वेळ, गुणसंख्या; मग पहिला परिच्छेद फेस-ऑफचा, दुसरा आवाज ऐकून वळल्यानंतरचा. मधल्या जागीं एक वाक्य: 'प्रत्यक्ष आघात मीं पाहिला नाहीं, त्या वेळीं मी पकाच्या मागें होतों.' पहिल्या परिच्छेदाच्या शेवटीं दुसरें: 'हे शब्द मीं ऐकले. मीं खेळ थांबविला नाहीं व पक टाकला.' 'घाईंत', 'गोंधळल्यामुळें', 'अननुभवामुळें' असें कांहीं त्यापुढें घालावें का, असें त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, तुला विचारलें तर सांग. पाठविण्यापूर्वीं त्यानें तो मोठ्यानें वाचून दाखविला. त्या चार शब्दांशीं येतांच त्याचा आवाज खालीं गेला, पण त्यानें ते वगळले नाहींत. मग तो उभ्याउभ्याच थंड झालेली भाजी-पोळी जेवला.

गुरुवारीं संध्याकाळीं समितीनें त्याला संगणकावरून बोलाविलें. अशा वेळीं घरचें कोणी जवळ असूं नये असा नियम. तो खोलींत गेला, दार लावून घेतलें. आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती दिवाणखान्यांत बसलों. दूरदर्शनवर एक सामना चालू होता, त्याचा आवाज तिनें बंद केला. वीस-बावीस मिनिटें आंतून कधीं एक शब्द, कधीं बराच वेळ कांहींच नाहीं. बाहेर आल्यावर त्यानें सांगितलें कीं तीनच प्रश्न विचारले: कोठें उभा होतास, नक्की काय ऐकलेंस, आणि शिटी कां वाजवली नाहींस. तिसऱ्याला काय उत्तर दिलेंस, असें आम्हीं विचारलें.

"खरं तें," तो म्हणाला, आणि पायांत बूट घालूं लागला. साडेसातला त्याचा दहा वर्षांच्या मुलांचा सामना होता.